दुभंगलेल्या शेपटीचा माशीमार आणि त्याचे भरकटलेले दर्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोर्क-टेल्ड फ्लायकॅचर हा दक्षिण व मध्य अमेरिकेतील पक्षी अधूनमधून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, अगदी न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स आणि त्याही उत्तरेला कॅनडापर्यंत प्रकट होतो. तो दिसल्याची बातमी पसरली की तिथे राहणाऱ्या मराठी पक्षीनिरीक्षकांमध्ये आणि त्यांची छायाचित्रे पाहणाऱ्या इकडच्या मंडळींमध्ये तेच ते प्रश्न पुन्हा निघतात. त्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. या पक्ष्याला मराठीत रूढ नाव नसल्यामुळे पुढे त्याचा उल्लेख सोयीसाठी 'दुभंगशेपटी माशीमार' असा केला आहे.

हा पक्षी नेमका कोणता?

त्याचे शास्त्रीय नाव टायरॅनस सवाना. फ्रेंच निसर्गअभ्यासक दोदँ यांनी १८०२ मध्ये केलेल्या वर्णनावरून ते आजही वापरले जाते. डोके मखमली काळे, पाठ राखाडी, हनुवटीपासून पोटापर्यंतचा भाग स्वच्छ पांढरा आणि शेपटी काळी, लांबच लांब आणि दोन फाट्यांची. माथ्यावरच्या काळ्या पिसांखाली पिवळ्या पिसांचा एक पट्टा दडलेला असतो. पक्षी चिडला किंवा प्रणयाराधनात असला तरच तो दिसतो, त्यामुळे अनुभवी निरीक्षकांनाही क्वचितच पाहायला मिळतो.

आपल्याकडचा स्वर्गीय नर्तक आणि हा, दोघे एकाच कुळातले आहेत का?

नाहीत. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की तो सविस्तर दूर करणे आवश्यक वाटते. स्वर्गीय नर्तकाला इंग्रजीत पॅराडाइज फ्लायकॅचर म्हणतात, दोघांची शेपटी लांब असते आणि दोघेही उडते कीटक पकडतात, म्हणून त्यांचे नाते जवळचे असावे असे सहज वाटते. प्रत्यक्षात मध्य प्रदेशाचा राज्यपक्षी असलेला हा नर्तक मोनार्किडी कुळातला असून त्याची खरी जवळीक कोतवाल आणि कावळ्यांच्या गटाशी आहे. दुभंगशेपटी माशीमार टायरॅनिडी कुळातला आहे. या कुळात चारशेहून अधिक जाती आहेत आणि त्या सर्वच्या सर्व अमेरिका खंडांपुरत्या मर्यादित आहेत.

पक्ष्यांच्या वंशवृक्षावर आणखी मागे गेल्यास एक मौजेची गोष्ट हाती लागते. फांदीवर बसणाऱ्या पक्ष्यांच्या विशाल गणाचे दोन मोठे उपगण आहेत. कोतवाल, दयाळ, चिमणी, बुलबुल आणि स्वर्गीय नर्तक हे सारे एका उपगणात येतात. दुसऱ्या, साध्या रचनेच्या स्वरयंत्राच्या उपगणातला जो पक्षी महाराष्ट्राच्या रानात पावसाळ्याच्या तोंडावर शीळ घालतो, तो म्हणजे नवरंग. तेव्हा आपल्या जंगलात या अमेरिकी माशीमाराचा नातलग शोधायचाच असेल, तर जमिनीवर पाचोळा चाळणारा, आखूड शेपटीचा नवरंग पाहावा. लांब शेपटीच्या नर्तकापेक्षा तो त्याला वंशाने जवळचा आहे.

त्याची शेपटी किती लांब असते आणि तिचा उपयोग काय?

शेपटीसह नराची लांबी सुमारे ३७ ते ४१ सेंटिमीटर, तर मादीची सुमारे २८ ते ३० सेंटिमीटर भरते. वजन मात्र तीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आपल्या घरातल्या चिमणीहून फार जास्त नाही. नराच्या लांबीतला निम्म्याहून अधिक भाग केवळ शेपटीच्या सर्वात बाहेरच्या दोन पिसांचा असतो. कोवळ्या पक्ष्यांची शेपटी बरीच आखूड आणि डोक्याचा रंग काळ्याऐवजी तपकिरीकडे झुकणारा असतो.

हा पक्षी कुंपणाच्या तारेवर बसलेला असताना थोडा वेळ शांतपणे पाहावा. वारा आला की दोन्ही लांब पिसे एका बाजूला वाहत जातात आणि पक्षी तोल सांभाळण्यासाठी तारेवर पाय किंचित सरकवतो. मग एखादा कीटक दिसताच तो सरळ झेप घेतो. सरळ उडताना शेपटीचे दोन्ही फाटे मिटून जवळजवळ एकच काळी रेघ दिसते; पण कीटकाने दिशा बदलली आणि पक्ष्याला जागच्या जागी वळावे लागले की तेच फाटे झटक्यात उघडतात, शरीर क्षणभर हवेत थबकते आणि चोच मिटते. नराची शेपटी मादीपेक्षा बरीच लांब असते, यावरून ती केवळ वळण्याच्या सोयीसाठी वाढलेली नाही, मादीच्या पसंतीचाही तिच्या घडणीत वाटा आहे, हे उघड आहे. विणीच्या काळात नर उंच झेपावून ती शेपटी उघडतो आणि गिरक्या घेत खाली येतो.

तो मुळात कुठे राहतो?

मेक्सिकोच्या दक्षिण भागापासून थेट अर्जेंटिनापर्यंत मोकळ्या गवताळ प्रदेशांत तो आढळतो. घनदाट जंगल त्याला नको असते; विरळ झाडांची गवताळ राने, कुरणे, शेताच्या कडा आणि शहरांतली प्रशस्त उद्याने ही त्याची आवडती ठिकाणे. जंगल तोडून कुरणे झाली, तेथे त्याला नव्या जागा मिळाल्या.

या जातीच्या चार उपजाती मानल्या जातात आणि भरकटण्याचे कोडे समजून घ्यायचे असेल तर त्यांपैकी दोन लक्षात ठेवाव्या लागतात. पहिली मोनॅकस. ती मेक्सिकोपासून मध्य अमेरिकेतून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागापर्यंत राहते आणि प्रामुख्याने स्थानिक आहे. दुसरी सवाना. ती अर्जेंटिना, उरुग्वे, पॅराग्वे, बोलिव्हिया आणि ब्राझीलच्या मध्य व दक्षिण भागांत वीण करते आणि दरवर्षी हजारो किलोमीटरचे स्थलांतर करते. उरलेल्या दोन उपजातींचा प्रदेश लहान आहे. एक कोलंबिया व व्हेनेझुएलाच्या उत्तर भागात आणि दुसरी ब्राझीलमध्ये.

सवाना उपजातीचे वर्षभराचे वेळापत्रक कसे असते?

हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढचे सारे प्रश्न अधांतरी राहतात, म्हणून येथे थोडे थांबू. स्थलांतर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उत्तरेकडून येणारे पक्षी उभे राहतात: हिवाळ्यात सायबेरिया, मध्य आशिया किंवा हिमालयाकडून उजनीवर आणि नांदूर मधमेश्वरला उतरणारी बदके, शेतातल्या मातीवर धावणारे धोबी. ते उत्तरेला वीण करतात आणि थंडी टाळण्यासाठी दक्षिणेला येतात. सवाना उपजातीचे सगळे उलट आहे. ती दक्षिण गोलार्धाची रहिवासी असल्यामुळे तिचा उन्हाळा आपल्या हिवाळ्यात येतो.

साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हे पक्षी अर्जेंटिनाच्या पंपास गवताळ मैदानांत पोहोचतात आणि जानेवारीपर्यंत वीण उरकतात. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत ते उत्तरेकडे निघतात, अॅमेझॉनचे खोरे ओलांडतात आणि कोलंबिया-व्हेनेझुएलातील ल्यानोस या विस्तीर्ण गवताळ मैदानांत व आसपासच्या प्रदेशात दक्षिणेकडचा हिवाळा घालवतात. त्रिनिदाद बेटावरही ते याच काळात दिसतात. जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत परतीचा प्रवास सुरू होतो. म्हणजे उत्तर अमेरिकेतले पक्षी दक्षिणेकडे निघण्याच्या तयारीत असतात, त्याच दिवसांत हा पक्षीदेखील दक्षिणेकडेच, पण हिवाळा घालवण्यासाठी नव्हे, तर वीण करण्यासाठी निघालेला असतो.

हा मार्ग पक्ष्यांच्या पाठीवर बसवलेल्या जिओलोकेटर या उपकरणांमुळे तपशिलाने कळला. हे उपकरण वजनाला अगदी हलके असते आणि ते फक्त उजेडाची नोंद ठेवते. सूर्य कधी उगवला आणि कधी मावळला यावरून तो पक्षी त्या दिवशी पृथ्वीवर साधारण कुठे होता याचे गणित मांडता येते. अडचण एकच असते: उपकरण माहिती पाठवत नाही, त्यामुळे तोच पक्षी पुढच्या वर्षी त्याच भागात परत आला आणि पुन्हा जाळ्यात सापडला, तरच ती माहिती हाती येते. पक्षी आपल्या विणीच्या जागेशी एकनिष्ठ असल्यामुळेच ही पद्धत यशस्वी होते.

तो काय खातो? घरटे कुठे बांधतो?

विणीच्या काळात मुख्यतः कीटक. उंच गवत, तार किंवा झुडपाच्या टोकावर बसून टेहळणी करायची, झेप घेऊन कीटक पकडायचा आणि पुन्हा बैठकीवर यायचे ही त्याची पद्धत आपल्या कोतवालाची आठवण करून देते. विणीबाहेरच्या काळात तो लहान फळांवरही मोठ्या प्रमाणात गुजराण करतो आणि ही सवय पुढे भरकटलेल्या पक्ष्यांच्या कामी येते.

घरटे वाटीच्या आकाराचे, झुडपात किंवा लहान झाडावर असते. अंडी मादी उबवते; पिलांना दोघे भरवतात. घरट्याजवळ आलेल्या, आकाराने कितीतरी मोठ्या शिकारी पक्ष्यावरही हे जोडपे तुटून पडते. वीण संपली की हीच भांडखोर मंडळी थव्याने राहू लागतात आणि रात्रीच्या मुक्कामाच्या झाडीत त्यांचे हजारोंचे मेळे जमतात.

उत्तर अमेरिकेत हा पक्षी पहिल्यांदा कधी दिसला?

ही अलीकडची घटना नाही. १८२० च्या दशकातच न्यू जर्सीतील ब्रिजटनजवळ मिळालेल्या एका पक्ष्याचे वर्णन शार्ल ल्युसियँ बोनापार्त यांनी केले होते. हे बोनापार्त म्हणजे नेपोलियनचे पुतणे आणि आपल्या काळातले मोठे पक्षीशास्त्रज्ञ. त्यानंतर जून १८३२ मध्ये प्रसिद्ध अमेरिकी पक्षीचित्रकार जॉन जेम्स ऑडुबॉन यांना न्यू जर्सीतीलच कॅम्डन शहराच्या दक्षिणेला, एका कुरणावर कीटक पकडणारा एक पक्षी दिसला. त्या काळच्या रीतीप्रमाणे तो त्यांनी टिपला आणि त्याचे चित्र काढले.

या दोन नोंदींचे महिने मला विशेष महत्त्वाचे वाटतात. एक डिसेंबरमधली, दुसरी जूनमधली. पुढच्या जवळजवळ दोनशे वर्षांत नोंदींचा जो आकृतिबंध स्पष्ट झाला, त्याच्या दोन्ही बाजू या सुरुवातीच्या दोन पक्ष्यांतच दिसतात.

मग तो कोणत्या महिन्यांत आणि कुठे दिसण्याची शक्यता असते?

संयुक्त संस्थाने आणि कॅनडा मिळून आतापर्यंत शंभराहून अधिक नोंदी झाल्या आहेत. अमेरिकन बर्डिंग असोसिएशनच्या दुर्मीळतेच्या श्रेणीत त्याला तिसरा क्रमांक आहे. त्याचा अर्थ असा की तो जवळजवळ दरवर्षी येतो, पण अगदी थोड्या संख्येने.

बहुसंख्य नोंदी सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळातल्या आहेत. दुसरा, लहान कालखंड मे ते जुलैच्या आसपासचा. ठिकाणांच्या बाबतीत अटलांटिक किनाऱ्याचे पारडे स्पष्टपणे जड आहे: फ्लोरिडापासून वर न्यू जर्सी, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स, मेन आणि कॅनडातील नोव्हा स्कोशियापर्यंत. टेक्सासमध्येही तो आढळला आहे. देशाच्या मध्यभागात आणि पश्चिमेला नोंदी तुरळक आहेत. किनाऱ्यावर नोंदी जास्त होण्याचे एक कारण भूगोलात आहे आणि दुसरे माणसांत. उत्तरेकडे सरकणारा पक्षी समोर समुद्र लागला की किनाऱ्याच्या कडेने थांबत थांबत जातो, आणि न्यू जर्सीतील 'केप मे'सारख्या किनारी ठिकाणी शरद ऋतूत दुर्बिणी घेऊन उभे असलेले डोळेही पुष्कळ असतात.

तो का भरकटतो?

या पृष्ठावरचा सर्वात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. पक्षी 'वाट चुकला' एवढे म्हणून थांबणे मला पुरेसे वाटत नाही, कारण या चुकीलाही शिस्त आहे. ती केव्हाही आणि कशीही होत असती, तर नोंदी बाराही महिन्यांत आणि सगळ्या दिशांना विखुरल्या असत्या. तसे होत नाही. त्या दोन ठरावीक कालखंडांत जमतात, आणि ते दोन्ही कालखंड, महिने तंतोतंत जुळत नसले तरी, सवाना उपजातीच्या दोन प्रवासांशी जोडता येतात.

आधी मे ते जुलैच्या नोंदी घेऊ. अर्जेंटिनाहून उत्तरेकडे निघालेले बहुतेक पक्षी व्हेनेझुएला-कोलंबियात थांबतात. काही थोडे पक्षी थांबण्याच्या जागी थांबत नाहीत आणि त्याच दिशेने पुढे जात राहतात. कॅरिबियन समुद्र ओलांडला की त्यांच्यासमोर उत्तर अमेरिका येते. येथे दिशा बरोबर असते, अंतर चुकते. व्हेनेझुएलाची राजधानी कराकासपासून न्यूयॉर्कपर्यंतचे सरळ अंतर सुमारे ३,४०० किलोमीटर आहे. अर्जेंटिनाहून आलेल्या पक्ष्याच्या दृष्टीने ती आधीच केलेल्या प्रवासात पडलेली भर आहे.

सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या नोंदींचे स्पष्टीकरण याहून वेगळे आहे. या काळात पक्ष्याने ल्यानोसमधून दक्षिणेकडे निघायला हवे. शरीर प्रवासासाठी तयार असते, चरबी साठलेली असते, निघण्याची वेळही बरोबर साधलेली असते. पण दिशा नेमकी उलटी पडते आणि दक्षिणेऐवजी तो उत्तरेकडे उडतो. याला उलट स्थलांतर म्हणतात. अर्जेंटिनात वसंत ऋतू सुरू होत असताना तेथे असायला हवा असलेला पक्षी मॅसॅच्युसेट्समध्ये, पानगळीच्या दिवसांत, कुंपणावर बसलेला दिसतो.

दिशा बरोबर १८० अंशांनी का चुकावी? येथे पक्ष्यांच्या चुंबकीय होकायंत्राची माहिती उपयोगी पडते. युरोपातील रॉबिन पक्ष्यांवरच्या प्रयोगांतून १९७० च्या दशकातच दिसून आले की पक्ष्यांना आपल्या होकायंत्राप्रमाणे उत्तर आणि दक्षिण असे थेट कळत नाही. चुंबकीय रेषा जमिनीकडे कोणत्या बाजूला कललेल्या आहेत यावरून 'ध्रुवाकडे' कोणती बाजू आणि 'विषुववृत्ताकडे' कोणती, एवढेच त्यांना कळते. आता या माशीमाराची स्थिती पाहा. अर्जेंटिनात असताना त्याच्यासाठी ध्रुवाची बाजू म्हणजे दक्षिण. मात्र हिवाळा घालवायला तो चुंबकीय विषुववृत्ताच्या उत्तरेला जातो आणि तेथे ध्रुवाची बाजू म्हणजे उत्तर. घरी परतताना त्याने आधी विषुववृत्ताकडे आणि ते ओलांडल्यावर ध्रुवाकडे असा मार्ग धरायला हवा. ज्या पक्ष्याचा हा बदल नीट होत नाही, जो पहिल्या टप्प्यातच 'ध्रुवाकडे' निघतो, तो सरळ उत्तर अमेरिकेच्या रोखाने जाईल. या जातीवर तसा प्रयोग झाल्याचा दावा येथे नाही. परंतु विषुववृत्त ओलांडणाऱ्या स्थलांतरी पक्ष्यात अशी उलटापालट का होऊ शकते, हे या तत्त्वावरून चांगले समजते. सूर्य आणि तारे यांचाही पक्षी दिशेसाठी आधार घेतात, त्यामुळे बहुतेक पक्षी अशी चूक करत नाहीत आणि करणारे मोजकेच असतात.

वादळे त्याला वाहून आणत नाहीत का?

कॅरिबियनमधील चक्रीवादळांचा ऐन हंगाम आणि शरदातल्या नोंदींचा काळ एकमेकांवर येतो, म्हणून ही शंका रास्त आहे. उत्तरेकडे निघालेल्या एखाद्या पक्ष्याला दक्षिणेकडून येणाऱ्या वाऱ्याची साथ मिळत असेल, हेही मान्य करावे लागेल. परंतु केवळ वारा हे मूळ कारण असते, तर वादळाच्या वाटेवर राहणारे स्थानिक पक्षीच अधिक संख्येने आले असते. शिवाय मे-जूनच्या नोंदींचा उलगडा वादळाने होत नाही.

वादळाने आणलेला पक्षी कसा असतो हे कोकण किनाऱ्यावरच्या लोकांना चांगले ठाऊक आहे. पावसाळ्यात जोराच्या वाऱ्यानंतर मास्क्ड बूबीसारखे खोल समुद्रातले पक्षी वाळूवर दमून, उडण्याचे त्राण नसलेल्या अवस्थेत सापडतात. उत्तर अमेरिकेत दिसणारे दुभंगशेपटी माशीमार बहुधा असे नसतात. ते सावध असतात, झेपा घेत असतात, खात असतात. स्वतःच्या पंखांनी आणि स्वतःच्या समजुतीप्रमाणे ते तेथवर आलेले असतात.

मेक्सिको तर जवळ आहे. तिथला पक्षी का येत नाही?

नकाशा पाहिला की हा प्रश्न हमखास सुचतो. मेक्सिकोच्या दक्षिणेतली मोनॅकस उपजाती टेक्सासच्या कितीतरी जवळ आहे, तरीही उत्तर अमेरिकेत ज्या पक्ष्यांची उपजात नीट तपासता आली ते जवळजवळ सगळे दूरच्या सवाना उपजातीचे निघाले. कारण असे की घराबाहेर फारसा न पडणाऱ्या पक्ष्यावर वाट चुकण्याचा प्रसंगच कमी येतो. भरकटण्यासाठी आधी लांब प्रवासाची ओढ असावी लागते, आणि ती सवाना उपजातीत आहे.

दोहोंतला फरक बारीक आहे. सवाना उपजातीची पाठ गडद राखाडी असते. मोनॅकसची पाठ फिकट असून काळी टोपी आणि राखाडी पाठ यांच्यामध्ये पांढरी कॉलर अधिक ठळक दिसते. सर्वात भरवशाची खूण मात्र पंखात आहे: प्रौढ नराच्या पंखाच्या सर्वात बाहेरच्या काही उड्डाणपिसांना टोकाजवळ खाच असते आणि त्या खाचेचा आकार व खोली उपजातीनुसार बदलते. चांगल्या छायाचित्रात, पंख उघडलेला असताना, ती मोजण्याइतकी स्पष्ट दिसू शकते.

त्या खाचेचा पक्ष्याला काही उपयोग असतो का?

असतो. वेगाने उडताना त्या पिसांतून हवा जाते तेव्हा ती थरथरतात आणि एक उंच पट्टीचा फडफडाट उमटतो. शिकागोच्या फील्ड म्युझियमशी संबंधित संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्थलांतरी आणि स्थानिक उपजातींच्या पंखांचा आवाज वेगवेगळ्या पट्टीतला असल्याचे दाखवले. पक्षी भांडणात आणि हल्ल्यात हा आवाज करतात. तो नोंदवण्यासाठी संशोधकांनी पेंढा भरलेला शिकारी पक्षी मांडून त्यांना हल्ला करायला उद्युक्त केले होते. स्थलांतर करणाऱ्या आणि न करणाऱ्या पक्ष्यांच्या पंखांची घडण वेगळी होत गेली आणि तिच्यासोबत त्यांचा आवाजही वेगळा झाला, हा या अभ्यासातला मला सर्वात भावलेला भाग. प्रवासाच्या सवयीतला फरक एका जातीच्या दोन शाखांना किती दूर नेऊ शकतो, हे त्यातून कानांनी ऐकू येते.

दुसऱ्या कोणत्या पक्ष्याशी गल्लत होते?

पूर्ण शेपटीचा प्रौढ पक्षी असेल तर गल्लत होण्याचे कारण नाही. टेक्सास, ओक्लाहोमा आणि कॅन्ससमध्ये वीण करणारा सिझर-टेल्ड फ्लायकॅचर तेवढा लक्षात ठेवावा. तो ओक्लाहोमाचा राज्यपक्षी आहे आणि तोही पूर्वेकडे कधीकधी भरकटतो. त्याचे डोके फिकट राखाडी असते, काळे नव्हे. बगलांवर गुलाबी-नारिंगी झाक असते आणि शेपटीत पांढरा रंग भरपूर असतो.

खरी अडचण शेपटी तुटलेल्या किंवा कोवळ्या पक्ष्याच्या बाबतीत येते. लांब पिसे प्रवासात झिजतात, गळतात. अशा वेळी तो ईस्टर्न किंगबर्ड या तिथल्याच माशीमारासारखा दिसू शकतो, कारण त्याचेही डोके काळे आणि पोट पांढरे असते. किंगबर्डच्या शेपटीच्या टोकाला स्वच्छ पांढरी पट्टी असते आणि पाठ कोळशासारखी गडद असते. किंगबर्ड सप्टेंबरअखेरपर्यंत ईशान्य अमेरिकेतून बहुतांश निघून गेलेले असतात, म्हणून ऑक्टोबरच्या मध्यानंतर 'किंगबर्ड' दिसला तर तो दोनदा पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन.

आलेल्या पक्ष्याचे पुढे काय होते? त्याला मदत करावी का?

काही पक्षी तासाभरात दिसेनासे होतात, काही एकाच शेताच्या कडेला कित्येक दिवस मुक्काम ठोकतात. कीटक कमी झाले की ते झुडपांवरची फळे खातात आणि थंडीच्या पहिल्या लाटेतही तग धरू शकतात. पण उत्तरेकडचा कडक हिवाळा त्यांच्या शरीराला झेपणारा नाही. दिशेची चूक दुरुस्त न झालेले अनेक पक्षी वाचत नसावेत, हे मान्य करण्यात संकोच बाळगू नये.

उडणाऱ्या, खाणाऱ्या पक्ष्याला पकडून 'घरी' सोडण्याचा विचार मनातही आणू नये. त्याला पकडण्याचा ताण प्रवासाहून घातक ठरू शकतो आणि परवान्याशिवाय वन्य पक्षी हाताळणे कायद्यातही बसत नाही. पक्षी जखमी असेल, तर परवानाधारक वन्यजीव उपचार केंद्राला कळवावे. इतर वेळी त्याला द्यायची खरी मदत म्हणजे अंतर. त्याची बैठकीची तार किंवा झुडूप सोडून तो वारंवार उडत असेल, तर आपण फार जवळ गेलो आहोत. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावू नये. परक्या मुलुखात अन्न शोधण्यासाठी लागणारी शक्ती त्यात वाया जाते.

पक्षी दिसला तर नोंद कशी करावी?

सर्वप्रथम छायाचित्र काढावे, भले ते दुरून आणि धूसर का असेना. त्यानंतर निवांतपणे पाठ, मान, शेपटी आणि शक्य झाल्यास उघडलेला पंख यांची छायाचित्रे घ्यावीत, कारण उपजात ठरवायला समोरून काढलेल्या सुंदर चित्रापेक्षा पंखाच्या टोकाचे साधे चित्र अधिक कामाचे असते. ठिकाण, तारीख, वेळ, पक्षी काय करत होता, काय खात होता, हे तेथेच लिहून ठेवावे. दुसऱ्या दिवशी आठवणीत रंग भरू लागतात.

नोंद कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीशास्त्र प्रयोगशाळेच्या ई-बर्ड संकेतस्थळावर करता येते. भारतातले निरीक्षकही तेच वापरतात, त्यामुळे बहुतेकांचे खाते आधीच असते. याशिवाय बहुतेक राज्यांमध्ये दुर्मीळ नोंदी तपासणारी समिती असते आणि तिच्याकडे स्वतंत्र अहवाल पाठवावा. समितीने प्रश्न विचारले तर ते अविश्वासाने विचारलेले नसतात. तुमची नोंद पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला आज तुम्ही जे पाहिले ते जसेच्या तसे समजावे, एवढाच त्यामागे हेतू असतो.

पक्षी कोणाच्या खासगी शेतात किंवा अंगणात असेल, तर मालकाची परवानगी मिळेपर्यंत नेमके ठिकाण जाहीर करू नये.

तो दुर्मीळ आहे म्हणजे धोक्यात आहे का?

नाही. आपल्या मूळ प्रदेशात तो पुष्कळ आहे आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तो चिंता नसलेल्या गटात मोडतो. दुर्मीळ आहे ते फक्त त्याचे उत्तर अमेरिकेत दिसणे.

अलीकडे नोंदी वाढल्या आहेत, त्या हवामानबदलामुळे का?

निरीक्षक वाढले, कॅमेरे वाढले आणि बातमी काही मिनिटांत पसरू लागली, एवढ्यानेही नोंदी वाढतात. १८३२ मध्ये कॅम्डनच्या कुरणावरचा पक्षी पाहणारा एक माणूस होता. आज तोच पक्षी संध्याकाळपर्यंत शेकडोंच्या दुर्बिणीत आलेला असतो. नोंदींची संख्या पाहून पक्ष्यांची संख्या किंवा हवामान यांविषयी थेट निष्कर्ष काढण्याची घाई करू नये.

भारतात तो कधी दिसेल का? खात्रीने पाहायचा असेल तर कुठे जावे?

भारतात त्याची अपेक्षा ठेवू नये. त्याच्या दोन्ही चुका त्याला उत्तरेकडे नेतात, अटलांटिक आणि आफ्रिका ओलांडून पूर्वेकडे नव्हे. खात्रीने पाहायचा असेल तर ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात अर्जेंटिना, उरुग्वे किंवा ब्राझीलच्या गवताळ प्रदेशात जावे. ब्युनोस आयर्स शहराच्या कडेला असलेल्या कोस्तानेरा सुर या राखीव क्षेत्रातही तो त्या दिवसांत सहज दिसतो. एप्रिल ते जुलैमध्ये प्रवास होणार असेल, तर त्रिनिदाद किंवा व्हेनेझुएला-कोलंबियातील ल्यानोस निवडावे आणि सूर्यास्ताच्या आधी अर्धा-पाऊण तास मुक्कामाच्या झाडीसमोर उभे राहावे, कारण दिवसभर पांगलेले थवे त्याच वेळी एकत्र येतात.